चूक सांगितल्यावर पुढच्या दहा मिनिटांत काय होतं?

कंपनीची कार्यसंस्कृती जोखायची तर तिथे कोणी चूक कबूल केल्यावर पुढच्या दहा मिनिटांत काय होतं, ते बघावं. नवं काही करायचं म्हणजे चार गोष्टी फसणारच. त्या लपवाव्या लागत असतील तर कोणी कशाला हात घालेल?

टोयोटाच्या मोटार कारखान्यातली अँडन दोरी, म्हणजे इशारा देणारी दोरी, अनेकांनी उचलली, तिच्यामागची शिस्त मात्र फार थोड्यांनी. कामगाराला दोष दिसला की तो दोरी ओढतो, दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. जुळणीची लाइन लगेच थांबत नाही. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत जायच्या आत दोष निघाला तर काम चालू राहतं, नाही तर लाइनचा तो भाग थांबतो. सगळी मदार त्या धावत येणाऱ्या माणसावर आहे. त्याने आल्या आल्या "कशाला ओढलीस?" म्हणून झापलं, तर दोरी नुसती लटकत राहते. ही शिस्त काय करू शकते, ते बघा. जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटचा मोटार कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो 'न्यूमी' म्हणून सुरू झाला, तेव्हा कामगार बहुतेक जुनेच होते. तरी दर्जा झपाट्याने सुधारला.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात आढळलं की चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे लोक मोकळेपणाने बोलत होते. म्हणून नोंदी अचानक घटल्या तर आधी काळजी करा.

काही बिघडलं की दोन-तीन दिवसांत बैठक घ्या; उशीर झाला की आठवणी सोयीच्या होतात. आधी वेळेसकट घटनाक्रम लिहा. "कोणी केलं?" ऐवजी "त्या वेळी त्याच्यासमोर कोणती माहिती होती?" असं विचारा. साहेबांनी सगळ्यात शेवटी बोलावं. ते आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. उपाय फार तर तीन, प्रत्येकापुढे एकच नाव आणि तारीख. पंधरा उपाय लिहिले की एकही होत नाही, आणि पुढच्या बैठकीला लोक तोंड मिटून बसतात. मुद्दाम केलेला हलगर्जीपणा मात्र या बैठकीत आणू नका, त्याची चौकशी वेगळी.

प्रयोगांना वेळही लागतो. थ्रीएम या अमेरिकन कंपनीत संशोधक स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये कमी चिकटणारा गोंद सापडला. त्याच गोंदाच्या चिकटचिठ्ठ्या, म्हणजे पोस्ट-इट, अमेरिकेत सगळीकडे विकायला आल्या १९८० मध्ये. थ्रीएममध्ये कामाचा १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांना देता येतो. ही टक्केवारी जाहीर करून टार्गेट तेवढंच ठेवलं, तर प्रयोग रात्री घरी करावे लागतात आणि काही आठवड्यांत बंद पडतात. आधी टार्गेट कमी करा, तेही लेखी.