कारवारचा दिवस

९ मे, नेरूळ

आज सकाळी बाबांनी टीव्ही लावला नाही. तारीख माझ्याही लक्षात होती. २०१७ साली याच दिवशी मुंबईच्या नौदल गोदीत ‘कारवार’ आणि ‘काकिनाडा’ या दोन सुरुंगनाशक नौका निवृत्त झाल्या. ‘कारवार’ १४ जुलै १९८६ला रीगामध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघात, नौदलात आली होती. बाबांची तिच्यावरच्या नोकरीची वर्षं विशाखापट्टणमची. घरी आले की साबणानेही न जाणारा ग्रीसचा वास हातांना असायचा.

चहा घेताना मी विचारलं, नेमकं काय करायचात? त्यांनी लाइट बिल उलटं करून चित्रच काढलं. एक सुरुंग तळाशी वजनाला बांधून पाण्याखाली तरंगत ठेवलेला. बोट मागे लांब वायर ओढते, वायरीवरचे कटर त्याचा दोर कापतात, तो वर येतो, मग लांबून तोफेने उडवायचा. दुसरा तळाशी नुसता पडून असतो. जहाजाच्या पंख्याचा आवाज किंवा त्याच्या लोखंडाचं चुंबकत्व जाणवलं की फुटतो. त्याच्यासाठी मागे आवाज करणारं यंत्र आणि वीज सोडलेली केबल ओढायची, म्हणजे मोठं जहाज आलंय असं त्याला वाटतं. १९५६मध्ये आलेली आधीची ‘कारवार’ तर याच भीतीने महोगनीच्या फळ्यांची होती.

“अगं, त्यातही काही मोजणारे असतात,” बाबा म्हणाले. पहिली काही जहाजं बिनबोभाट जाऊ देतात आणि मग फुटतात. म्हणून त्याच पट्ट्यातून पुन्हा पुन्हा जायचं. आतापर्यंत काही झालं नाही, याचा अर्थ तिथे काही नाही, असा धरायचा नाही.

हे ऐकून मी बराच वेळ गप्प होते. लहानपणी बाबा उशिरा आले की मी रुसायचे.

२०१९मध्ये याच बनावटीच्या नौकांमधली शेवटची ‘कोझिकोड’ही निवृत्त झाली, आणि तिची जागा घेणाऱ्या नौकांचं बांधकाम सुरूसुद्धा झालं नव्हतं. हे मला फार खटकतं. न्हावा-शेव्याच्या वाटेत सुरुंग असल्याची नुसती अफवा उठली, तरी कंटेनरची जहाजं बाहेरच उभी राहतील.

बाबांनी चित्रात शेवटी खाडी काढली, बंदर काढलं आणि मधल्या वाटेवर समांतर रेघा मारत बसले. चौदा मोजल्या मी. चहा निवला होता.

बिल उद्या भरायचंय. त्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवते.