आईच्या साड्यांची गोधडी: नाशिकचे चार दिवस आणि जाणाऱ्यांसाठी काही सूचना

आई गेली त्याला दोन वर्षं झाली. तिच्या रोजच्या नेसायच्या नऊ साड्या कपाटात तशाच होत्या, देऊन टाकायचा धीर होत नव्हता. ठाण्यात मशीनवर गोधडी करून देणारे आहेत पण मला हाताची हवी होती आणि त्यातली निदान एक बाजू तरी माझ्या हातची हवी होती. मावशी नाशिकला पंचवटीत राहते, तिच्या गल्लीत उन्हाळा लागला की चार-पाच जणी दुपारी एकत्र बसून गोधड्या शिवतात, ती म्हणाली साड्या घेऊन ये, बाकीचं बघू. मग मार्चअखेरीस सोमवारी सकाळची तपोवन एक्सप्रेस पकडली.

जाणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्या की गोधडीचा सीझन असतो. घरातली गव्हाची कामं उरकली की बायकांना दुपार मोकळी मिळते आणि पाऊस लागायच्या आत शिवून व्हावी लागते, कारण थरात दमटपणा राहिला तर कुबट वास धरतो तो काही केल्या जात नाही. त्यामुळे फेब्रुवारी ते मे. नाशिक रोड स्टेशनवरून पंचवटी साधारण 10 किलोमीटर आहे, रिक्षा किंवा सिटीलिंकची बस, दोन्ही मिळतात. 2027 च्या सिंहस्थात मात्र या कामासाठी जाऊ नका, रामकुंडाच्या आसपास पाय ठेवायला जागा नसेल.

पहिली दुपार नुसती साड्या निवडण्यात गेली. गल्लीतल्या आजी, वय सत्तरीच्या पुढे, सगळ्या जणी त्यांचंच ऐकतात. त्यांनी प्रत्येक साडी मांडीवर घेतली आणि वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून एकेक थेंब टाकला. सुती साडीवर थेंब लगेच पसरून मुरतो, मिक्स कापडावर मण्यासारखा वर बसून राहतो. माझ्या नऊपैकी तीन अशा बाद झाल्या. त्यातली एक आईची फार आवडती होती, जांभळी. मी म्हटलं आजी ही तरी घ्या ना, तर त्या म्हणाल्या, "बाळ, ही घाम पीत नाही आणि सुईखाली सरकते, हिचा काठ तेवढा काढून घेऊ." आणि खरंच तो जांभळा काठ आज गोधडीच्या चारही बाजूंना आहे. तेव्हा जाताना शंका असेल त्या साड्यांची घरीच ही परीक्षा करा. सगळ्या साड्या दोनदा धुऊन न्या, खळ राहिली की सुई जात नाही. आतल्या भरीला कापड कमी पडलं तर नवीन मांजरपाट चालतं पण तेही आधी धुऊन, नाहीतर पुढे ते आटतं आणि गोधडीला चुण्या पडतात. जुन्या कापडाचं बरं असतं, त्याचं जे काय आटायचं ते आटून झालेलं असतं.

दुसऱ्या दिवशी गच्चीच्या जिन्याखाली सतरंजी टाकून खालची साडी ताणून पसरली, चार कोपऱ्यांवर विटा आणि मधे वरवंटा. त्यावर भर. एकेक थर टाकला की आजी मधून बाहेर हात फिरवत जायच्या, एक घडी दिसली तरी उचलून पुन्हा. आम्ही पाच थर केले. निफाडकडच्या एक काकू होत्या, त्यांच्याकडे हिवाळ्यात पारा कधी कधी पाचच्याही खाली जातो, त्या म्हणाल्या आमच्याकडे एवढीशी गोधडी पावसाळ्यापुरती, थंडीला सात-आठ थर तरी पाहिजेत. पण थर वाढले की सुई ओढायला बोटं सोलून निघतात, त्यामुळे पहिल्यांदा शिकणाऱ्यांनी चार-पाचवर थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे.

मग कच्चे टाके घालून सगळं एकत्र धरायचं आणि चौघींनी चार बाजूंना बसायचं. टाका साधा धावदोराच, पण सुरुवात काठापासून करून चौकटी आत आत नेत मध्यापर्यंत. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळ भागातले सिद्दी लोक, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, मी एका प्रदर्शनात बघितली होती, तीही अशीच कडेकडून आत शिवत नेतात, फक्त ते तुकडे जोडत जोडत जातात आणि कोपऱ्यांना कापडाची फुलं लावतात. बंगालमधल्या कांथाला, म्हणजे तिकडच्या गोधडीला, तर जुन्या साडीच्या काठातलेच रंगीत दोरे उसवून वापरायचे. हे आजींना सांगितल्यावर त्या हसल्या नुसत्या, त्यांची आईपण काठातला दोरा काढायची म्हणे.

माझी पहिली ओळ आजींनी पूर्ण उसवली. वरून छान दिसत होती, मला वाटलं जमलं. त्यांनी गोधडी उलटी केली आणि खालचे टाके दाखवले, बोटाच्या पेराएवढे लांब. म्हणाल्या, रात्री पायातली जोडवी अडकतील यात, टाका गव्हाच्या दाण्याएवढा पाहिजे, वरून आणि खालून सारखा. दुसरं म्हणजे दोरा. मी सारखी सुई ओवायचा कंटाळा म्हणून लांबलचक दोरा घेत होते आणि त्याचा गुंता होत होता. कोपरापासून बोटापर्यंत, बस. गाठ वर ठेवायची नाही, थरात ओढून घ्यायची. डाव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळायची, मी ते ऐकलं नाही आणि तिसऱ्या दिवशी बोट सुजलं.

बुधवारी सकाळी दोरा आणायला गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात गेलो. गाडगे महाराज पुलाजवळून जाताना मावशी म्हणाली, हे पण गोधडीवालेच. खरंच आहे, चिंध्यांची गोधडी पांघरायचे म्हणून त्यांना गोधडेबुवा म्हणायचे आणि नाशिकला त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली. मला तिथे थोडा वेळ थांबावंसं वाटलं. जाड सुई आणि रिळं इकडेच घ्या, बरोबर आणू नका, आपण शिलाईचा बारीक दोरा नेतो तो पाच थरांत तुटतो.

एक गोष्ट मनाला लागली. काकू सांगत होत्या की आता गल्लीत सुती साड्याच कमी झाल्यात, रोजच्याला सगळ्या सिंथेटिक नेसतात, आणि ज्या जुन्या आहेत त्या बोहारणीला देऊन लोक स्टीलचं पातेलं घेतात. शिवणाऱ्या आहेत पण कापड नाही.

पैशांचं आधी बोला. या बायका दुपारची झोप आणि घरची कामं सोडून बसतात, शिकवतात म्हणजे फुकट असं धरू नका. मी रोजचे म्हणून आधी ठरवले आणि वर रोज चहा-मिसळ माझ्याकडून. आजींनी पैसे घेतले नाहीत, त्यांना सुती लुगडं घेतलं. फोटो विचारून काढा, काहींना घरातल्या कपड्यात नको असतो.

गुरुवारी संध्याकाळी मध्यावर हाताच्या पंजाएवढी जागा उरली होती. आजींनी आत चिमूटभर तांदूळ टाकले, गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये म्हणाल्या, आणि सुई माझ्याकडे दिली. गंमत म्हणजे कवंदीतही तांदूळ घालतात. शेवटचे टाके मी घातले. चार बाजूंच्या चार हातांचे टाके वेगळे ओळखू येतात, माझी बाजू थोडी वाकडी आहे, ती मी पायाकडे घेत नाही, डोक्याकडेच घेते.

शुक्रवारी सकाळी पंचवटी एक्सप्रेसने परत आले. आजींनी एक बजावलंय, घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुतात तेव्हा ही इकडेच घेऊन ये, ओली गोधडी एकटीला पिळता येत नाही, दोन टोकांना दोघी लागतात. त्या आठवड्याची रजा टाकलीय.