पाणी साचणाऱ्या रानाची माती शेतातच तपासली: माझा अनुभव

आमचा ऊस दौंड तालुक्यात, कालव्याखाली. रानाच्या खालच्या अंगाला पाणी साचायचं, फुटवे कमी यायचे, खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडायचा. मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासणीचा सरकारी अहवाल, होती. तिच्यात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब धरून १२ घटक असतात, पण मातीची घडण कशी आहे ते कळत नाही. म्हणून शेतात करता येतील अशा चाचण्या स्वतः करून पाहिल्या. प्रत्येक चाचणी रानाच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला आणि जिथं नांगर लागत नाही त्या बांधावर केली. बांधाची माती जोडीला नसेल, तर निकाल चांगला की वाईट हे ठरवायचं कशावरून?

पाणी मुरण्याच्या चाचणीला १५ सेंमी व्यासाचं पत्र्याचं कडं लागतं. त्यात ४४० मिली पाणी ओतलं की अडीच सेंमी थर होतो आणि तो जिरायला किती वेळ लागतो ते बघायचं. काळ्या रानात उन्हाळ्यात हिचा उपयोग नाही. कडं भेगेवर बसलं की पाणी क्षणात गडप होतं आणि जमीन निचऱ्याची वाटते. ती वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, भेगा मिटल्यावरच करावी. गांडुळं मोजायची तीही पावसाळ्यात, कारण उन्हाळ्यात ती खोल जातात.

फावड्यानं वीतभर खोल चौकोनी तुकडा काढून हातानं फोडून पाहणं मला फार उपयोगी वाटलं. वरच्या अंगाला मुळं खाली जाता जाता एका थरावर आडवी वळली होती. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरनं माती दाबली गेली होती, हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरली नाही.

खालच्या अंगाचं कोडं मात्र काचेच्या ग्लासानं सोडवलं. वाळलेली खडे-ढेकळं स्वच्छ पाण्यात अलगद सोडली, ढवळलं नाही. बांधाचं ढेकूळ तसंच राहिलं. वरच्या अंगाचं ढासळलं, पण पाणी नितळ होतं. खालच्या अंगाच्या ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरत गेला आणि दोन तासांनंतरही बसला नाही. हे चोपण जमिनीचं, म्हणजे सोडियम वाढून घडण बिघडलेल्या जमिनीचं लक्षण.

मग त्याच जागेचा नमुना देताना विनिमययोग्य सोडियमची (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची) तपासणी मुद्दाम मागून घेतली. पत्रिकेच्या १२ घटकांत ती नसते. प्रमाण १५ टक्क्यांच्या वर निघालं, म्हणजे जमीन चोपणच. मातीतलं सोडियम सोडवणाऱ्या जिप्सम या खनिजाची मात्रा त्या अहवालावरूनच ठरवली. ते टाकण्याआधी पाणी बाहेर काढायला चर खोदून घेतला, कारण सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेलं नाही तर जिप्सम वाया जातं.