तुम्ही विचारलंत म्हणून : दोन-तीन टक्क्यांसाठी एवढी घासाघीस कशाला?

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते आणि आमच्या प्राध्यापकांच्या युनियनच्या वाटाघाटी समितीवर अर्धवेळ प्राध्यापकांची प्रतिनिधी म्हणून बसते, हे कळले की पुण्याहून फोनवर बोलणारी मावशी असो की इथल्या महाराष्ट्र मंडळात भेटलेले सॉफ्टवेअरमधले एखादे गृहस्थ असोत, थोड्याफार फरकाने एकच प्रश्न येतो : प्राध्यापक माणसे तुम्ही, दोन-तीन टक्के पगारवाढीसाठी वर्ष वर्ष घासाघीस करत बसता, ती कशाला? प्रश्नात थोडी थट्टा असते आणि थोडे खरे कुतूहलही असते. थट्टेचे सोडून देऊ, पण कुतूहलाला नीट उत्तर द्यायला हवे, कारण प्रश्नात जे गृहीत धरलेले असते तेच मुळात खरे नाही. टक्क्यांचा आकडा बहुतेक वेळा राज्याच्या अर्थसंकल्पात महागाईपोटी मिळणाऱ्या वाढीच्या आसपास फिरतो आणि तो साधारण कुठे थांबणार, हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असते. आमचा वेळ जातो तो वेगळ्याच गोष्टीवर : वर्गात पुरेसे विद्यार्थी आले नाहीत, तर त्याचा फटका कोणी सोसायचा?

त्यासाठी इथली रचना थोडक्यात सांगते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे, व्यवसायशिक्षण आणि प्रौढांचे शिक्षण एकाच छताखाली चालवणारे सार्वजनिक कॉलेज. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजे आहेत आणि ती ७३ डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे कॉलेजे चालवणाऱ्या स्थानिक प्रशासकीय संस्थांमध्ये, विभागलेली आहेत. जवळपास प्रत्येक डिस्ट्रिक्टला मतदारांनी निवडून दिलेले स्वतःचे विश्वस्त मंडळ असते. १९७५ च्या रॉडा कायद्याने शिक्षकांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क दिला, पण तो डिस्ट्रिक्टनिहाय दिला. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे जरा विचित्र वाटेल, कारण तिथे प्राध्यापकांची वेतनश्रेणी वेतन आयोग, विद्यापीठ अनुदान आयोग आणि शासननिर्णय या वाटेने येते. म्हणूनच २०१३ मध्ये एम्फुक्टोने, म्हणजे महाराष्ट्रातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाने, परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा थकबाकीचा आणि नेट-सेट या पात्रता परीक्षांचा तो झगडा थेट राज्य सरकारशी होता. एकेका संस्थेशी भांडून त्यातून काही निघण्यासारखे नव्हते. इथे उलट आहे. राज्य पैसे पाठवते, पण त्या पैशांचे काय करायचे याचा करार प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये स्वतंत्र होतो. परिणामी तासाभराच्या अंतरावरच्या दोन कॉलेजांत तोच अभ्यासक्रम, तेच पुस्तक आणि तीच परीक्षा असूनही मला दोन वेगळे दर मिळतात, आजारी रजेचे नियम वेगळे असतात आणि तुकडी रद्द झाली तर लागू होणारी कलमेही वेगळी असतात.

दोन कॉलेजांत शिकवते ती हौसेने नव्हे. राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांतले सुमारे दोन तृतीयांश प्राध्यापक अर्धवेळ आहेत आणि कायद्याने त्यांना एका डिस्ट्रिक्टमध्ये पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम देता येत नाही. ही मर्यादा पूर्वी ६० टक्के होती, ती २००८ च्या कायद्याने वाढली. पूर्णवेळ काम म्हणजे सेमिस्टरला १५ युनिट (अध्यापनाचे काम मोजण्याचे माप, साधारण आठवड्याला व्याख्यानाचा एक तास) धरले, तर मर्यादा १० युनिटांवर येते. संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम चार युनिटांचा आहे. दोन तुकड्या घेतल्या की आठ होतात, तिसरी घेतली की बारा, म्हणजे कायद्याबाहेर. मग तिसरी तुकडी घ्यायला दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये जायचे. अशा प्राध्यापकांना इथे फ्रीवे फ्लायर म्हणतात. मर्यादा घालण्यामागचा हेतू वाईट नव्हता. डिस्ट्रिक्टने स्वस्तातले अर्धवेळ प्राध्यापक घेऊन पूर्णवेळ जागा बुडवू नयेत, हा तो हेतू. १९८८ च्या एका मोठ्या सुधारणा कायद्याने तर अध्यापनाचे ७५ टक्के तास पूर्णवेळ प्राध्यापकांकडे असावेत असे उद्दिष्टच ठरवले होते. उद्दिष्ट गाठले गेले नाही आणि मर्यादा मात्र राहिली. बांधायचे होते डिस्ट्रिक्टला, बांधले गेलो आम्ही. ही मर्यादा ८५ टक्क्यांवर नेणारे विधेयक २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले होते. आरोग्यविम्याचा खर्च वाढेल या कारणावरून राज्यपाल न्यूसम यांनी ते नकाराधिकार वापरून परत पाठवले.

आता तुकडी रद्द होण्याकडे येते, कारण सगळे तिथेच अडते. आम्हाला प्रत्येक सेमिस्टरच्या आधी नेमणुकीचे पत्र येते आणि त्यात एक अट असते : पुरेशी नोंदणी झाल्यास. एका वर्षी माझी संध्याकाळची तुकडी सेमिस्टर सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात रद्द झाली, तेव्हा अभ्यासक्रमाचा आराखडा, गृहपाठ आणि ऑनलाइन चाचण्या सगळे तयार होते. त्या तयारीचे पैसे मिळत नाहीत. तेवढ्या उशिरा दुसऱ्या कॉलेजात तुकडी मिळण्याचीही शक्यता नसते. शिवाय पटसंख्या पुरेशी असली तरी तुकडी हातची जाऊ शकते, कारण पूर्णवेळ प्राध्यापकाची एखादी तुकडी रद्द झाली, तर त्याचे काम भरून काढण्यासाठी डीन, म्हणजे विभागाचे प्रशासकीय प्रमुख, अर्धवेळ प्राध्यापकाची तुकडी काढून त्याला देऊ शकतात.

डिस्ट्रिक्टची बाजू अगदीच पोकळ नाही. राज्याकडून येणारा निधी मोठ्या प्रमाणात विद्यार्थिसंख्येवर ठरतो, करोनानंतर अनेक कॉलेजांत ती घसरली, आणि आठ-दहा विद्यार्थ्यांची तुकडी चालवायची तर तिचा खर्च दुसरीकडून काढावा लागतो. ही अनिश्चितता कोणी खोटी निर्माण केलेली नाही. पण नोंदणीची आकडेवारी रोज डीनच्या संगणकावर असते, वेळापत्रक तेच बनवतात, कोणत्या वेळी किती तुकड्या ठेवायच्या हेही तेच ठरवतात. ज्याला यातले काहीच ठरवता येत नाही, त्यानेच सगळा फटका सोसावा, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. म्हणून करारात आम्ही तारखा मागतो. अमुक तारखेनंतर तुकडी रद्द केली तर इतके मानधन, दुसऱ्याला द्यायची तर अमुक दिवसापर्यंतच, आणि पुढच्या सेमिस्टरला पहिला हक्क ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे. या शेवटच्या मागणीला कायद्याचा थोडा आधार आहे, कारण पुनर्नियुक्तीतल्या प्राधान्याचा विषय वाटाघाटींत घेणे २०१६ च्या कायद्यांनी डिस्ट्रिक्टना भाग पाडले. मात्र विषय घ्यायचा एवढेच ठरले. यादी कशी लावायची, चांगल्या मूल्यमापनाची अट किती कडक असावी आणि एक सेमिस्टर सुट्टी घेतली तर यादीतले स्थान जाते का, हे प्रत्येक टेबलावर नव्याने ठरते. त्यातल्या एकेका शब्दावर संपूर्ण दुपार गेलेली मी पाहिली आहे.

नोंदणीच्या त्याच अटीची दुसरी बाजूही सांगायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या अर्धवेळ प्राध्यापकांच्या सर्विसी खटल्यात १९८९ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले, की नोंदणी आणि निधी यांवर अवलंबून असलेली नेमणूक म्हणजे पुढच्या सत्रातल्या कामाची खात्री नव्हे, आणि म्हणून दोन सत्रांच्या मधल्या काळात हे प्राध्यापक बेकारी भत्त्याला पात्र आहेत. ज्या अटीने आमची नोकरी अधांतरी ठेवली, तिनेच तो भत्ता मिळवून दिला. कित्येक सहकारी अजूनही संकोचाने अर्ज करत नाहीत. मला त्यात संकोचण्यासारखे काही वाटत नाही.

टक्केवारीत न मावणाऱ्या दुसऱ्या विषयाचे उदाहरण म्हणजे आरोग्यविमा. अर्धवेळ प्राध्यापकांच्या विम्यासाठी राज्य वर्षाला सुमारे ४ लाख ९० हजार डॉलर ठेवत असे, आणि एवढ्या मोठ्या राज्यात ते कुठेच पुरत नसत. २०२२ च्या अर्थसंकल्पात ही तरतूद एकदम २० कोटी डॉलरवर गेली. पैसे आले म्हणजे विमा आला, असे मात्र झाले नाही. राज्य डिस्ट्रिक्टला हप्त्याची भरपाई करते. त्यासाठी डिस्ट्रिक्टने आधी युनियनशी करार करून विमा द्यावा लागतो. राज्याने उद्या हात आखडता घेतला तर, अशी भीती विश्वस्त मंडळांना वाटते, आणि त्या ‘तर’साठी लिहायचे कलम हाच महिनोन्महिने वादाचा मुद्दा होतो. पात्रतेसाठी पूर्णवेळ कामाच्या ४० टक्के काम लागते, म्हणजे आमच्याकडे सहा युनिट. दोन तुकड्या असल्या तर आठ युनिट होऊन माणूस पात्र ठरतो. त्यातली एक रद्द झाली की चार उरतात आणि तो अपात्र होतो. निरनिराळ्या डिस्ट्रिक्टमधले काम एकत्र धरण्याची सोय योजनेत आहे, पण त्याचे कागद कोणी जमवायचे आणि कुठे द्यायचे, हेही करारातच नीट लिहावे लागते. पोटकलमावर एवढे काय भांडता, असे विचारणाऱ्यांना मी हा हिशेब सांगते.

आता युनियनच्या आतली गोष्ट सांगते, जी बाहेर फारशी सांगितली जात नाही. आमच्याकडे पूर्णवेळ आणि अर्धवेळ प्राध्यापक एकाच युनियनमध्ये आहेत आणि त्यांचे हित नेहमी एक नसते. पूर्णवेळ प्राध्यापक आपल्या पंधरा युनिटांवर जादा तुकड्या घेऊ शकतात. घराचे हप्ते पाहता ते समजण्यासारखे आहे, पण त्यांची प्रत्येक जादा तुकडी म्हणजे अर्धवेळ प्राध्यापकाला न मिळालेली तुकडी असते. रसायनशास्त्र आणि नर्सिंगवाल्यांचे म्हणणे आणखी वेगळे. प्रयोगशाळेचा तास व्याख्यानाच्या तासापेक्षा कमी का मोजता, असे ते विचारतात आणि त्यांचे बरोबरच आहे. हे सगळे आधी आपसात मिटवून मगच आम्ही डिस्ट्रिक्टसमोर बसतो. बैठकीच्या वेळी निम्मे अर्धवेळ सहकारी दुसऱ्या कॉलेजच्या वाटेवर गाडीत असतात, त्यामुळे संख्येने जास्त असूनही मतदानात ते कमी पडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या जेनस निकालानंतर सरकारी क्षेत्रात युनियनची फी सक्तीने घेता येत नाही. सभासद नसलेल्यांसाठीही करार आम्हालाच करावा लागतो आणि त्यांच्या तक्रारीही लढवाव्या लागतात. याबद्दल काही सहकारी चिडतात. मी चिडत नाही, पण वर्गणीचा अर्ज मात्र पुन्हा पुन्हा पुढे करते.

उशीर होण्याला कायद्याची कार्यपद्धतीही कारण आहे. दोन्ही बाजूंचे पहिले प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या जाहीर सभेत मांडावे लागतात, म्हणजे नागरिकांना त्यावर बोलता येते. त्यानंतरच चर्चा सुरू होते. मंजुरीआधी कराराचा खर्चही जाहीर करावा लागतो. चर्चा पूर्ण अडली तर राज्याचे रोजगारसंबंध मंडळ मध्यस्थ पाठवते, त्यानेही भागले नाही तर तीन जणांचे तथ्यशोधन पथक बसते, आणि त्याचा अहवाल आल्यावर डिस्ट्रिक्टला आपला शेवटचा प्रस्ताव लादता येतो व युनियनला संपावर जाता येते. तिथपर्यंत जाण्याची हौस कोणालाच नसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजातल्या प्राध्यापकांनी २७ एप्रिल २०१६ ला एक दिवसाचा संप केला, तो त्या कॉलेजच्या इतिहासातला पहिला होता. दरम्यान जुन्या कराराची मुदत संपली तरी त्यातल्या बहुतेक अटी चालूच राहतात, म्हणून ‘करार संपला, आता कसे?’ या मावशीच्या काळजीला फारसे कारण नाही.

महाराष्ट्र मंडळात भेटणाऱ्यांपैकी काहींच्या घरी कोणीतरी असे अर्धवेळ काम नुकतेच घेतलेले असते, आणि मग प्रश्नाचा सूर बदलतो. त्यांना मी सांगते, की दर काय मिळतो हे विचारून झाल्यावर युनियनच्या कार्यालयातून कराराची प्रत मागून घ्या. डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावरही ती असते. त्यात तुकडी रद्द होण्याचे कलम वाचा, ज्येष्ठतेच्या यादीत नाव कधीपासून लागते ते पाहा, आणि सेमिस्टर सुरू होण्याच्या आधी आपले युनिट ४० टक्के भरतात का, ते स्वतः मोजा. डीनच्या कार्यालयात ते कोणी तुमच्यासाठी मोजत बसत नाही. आमच्या कॉलेजात या घडीला टक्केवारीचा मुद्दा मिटला आहे आणि रद्द होण्याच्या कलमातली तारीख मोकळीच आहे : त्यांना पहिल्या तासाच्या आदल्या दिवसापर्यंतची मुभा हवी आहे, आम्हाला दोन आठवडे आधीची.