नशीब आणि ‘कुठे उतरणार?’

संध्याकाळी सहा-सव्वासहाची कल्याण फास्ट लोकल. सीएसएमटीला चढूनही जागा मिळाली नाही की दोन तऱ्हा दिसतात. एक जण दाराजवळची कडी पकडून मोबाईल काढतो. दुसरा आत सरकतो, समोरासमोरच्या बाकांमध्ये शिरतो आणि बसलेल्या प्रत्येकाला विचारतो, “कुठे उतरणार?” घाटकोपरला दुसरा बसतो आणि पहिला मनात म्हणतो, नशीबवान आहे लेकाचा.

आता हिशेब करा. समजा, बसलेल्यांपैकी दर चौघांत एक जण ठाण्यापर्यंत उतरतो. एकालाच विचारलं तर जागा मिळायची शक्यता २५ टक्के. सहा जणांना विचारलं तर सहाच्या सहा पुढचे निघायची शक्यता १८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बसायला मिळायची जवळपास ८२. गाडी तीच, गर्दी तीच, फक्त प्रश्न पाच जास्त.

हा हिशेब कुठे फसतो तेही सांगायला हवं. कर्जत फास्टमध्ये बहुतेक सगळेच लांबचे असतात, तिथे सहा काय, बारा जणांना विचारूनही तेच उत्तर येतं. म्हणून आधी गाडी निवडायची, मग डबा. घाटकोपरला मेट्रोच्या पुलासमोर जो डबा थांबतो, त्यात घाटकोपरवाले जास्त सापडतात, कारण त्यांनी तो डबा त्यासाठीच पकडलेला असतो. विचारायचं तेही चढल्या चढल्या. कुर्ला गेल्यावर विचारलं तर “झालंय, त्यांनी सांगून ठेवलंय” असं ऐकावं लागतं. आधी विचारेल त्याची जागा, हा कायदा लेडीज डब्यात तर फारच कडक. आणि खिडकीवाला उठला म्हणून खिडकी आपली होत नाही. बसलेले आत सरकतात, आपल्या वाट्याला कड किंवा तिघांच्या बाकावरची चौथी सीट येते. यावरून भांडणारे नवखे असतात.

रिटर्न मारणं, म्हणजे उलट्या दिशेने शेवटच्या स्टेशनला जाऊन तीच गाडी पकडणं, हाही उपाय आहे. पण पास त्या स्टेशनपर्यंतचा हवा. डोंबिवलीचा पास घेऊन कल्याणला गेलेल्याला टीसी भेटला तर त्याला साडेसाती म्हणू नये.

नोकरीचंही असंच. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध छापला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं की ज्याने कळवलं तो तुम्हाला कितीदा भेटायचा. वारंवार भेटणारे १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८. नमुना अवघा ५४ जणांचा होता, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ समजू नका. कारण मात्र पटणारं आहे: रोजच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी येते ती जुन्या ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून, सोसायटी सोडून गेलेल्या भाडेकरूकडून, वर्षातून एकदा ऑडिटला येणाऱ्या मुलाकडून.

पण अशा माणसाला “काही असेल तर सांगा हां” म्हणणं म्हणजे न विचारण्यासारखंच. ‘काही’ कोणाच्या लक्षात राहत नाही. मेसेज असा हवा: “नमस्कार. अकाउंट्समध्ये तीन वर्षं काम केलंय, टॅली आणि जीएसटी रिटर्न स्वतः भरते. ठाणे ते अंधेरी पट्ट्यात जागा शोधतेय. तुमच्याकडे कोणाला विचारावं, एवढं सांगाल का? सीव्ही जोडलाय.” चार ओळी, कामाचं नाव, भाग आणि समोरच्याला दोन मिनिटांत करता येईल अशी एकच विनंती. नोकरी मागितली की माणूस अवघडतो, नाव मागितलं की देऊन टाकतो. आठवड्याला असे पाच मेसेज पुरे. एकच मजकूर पन्नास जणांना फॉरवर्ड केला की तो तसाच दिसतो आणि तसाच दुर्लक्षिला जातो. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदाच आठवण करा. कोणाला कधी विचारलं हे वहीत लिहून ठेवा, नाहीतर एकालाच दोनदा विचारलं जातं आणि दुसरा राहूनच जातो.

गणपतीला कोकणात जायच्या रेल्वे तिकिटाला मात्र कोणाला विचारून भागत नाही, तिथे तारीख मोजता यावी लागते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून, सकाळी आठला. गोची रात्रीच्या गाड्यांत आहे. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकरानंतर सुटते आणि पनवेलला पोचेपर्यंत तारीख बदललेली असते. दिवस मोजायचे ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेने. पनवेलवाला आपल्या तारखेने मोजतो, एक दिवस उशिरा आठ वाजता बसतो आणि वेटिंग लिस्ट बघून कपाळाला हात लावतो. प्रवाशांची नावं-वयं आदल्या दिवशीच आयआरसीटीसीच्या (रेल्वेच्या तिकीट साइटच्या) मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा, आठ वाजता टाइप करत बसायला वेळ नसतो.

आणि म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, घरांची सोडत. मुंबई मंडळाच्या २०२४ च्या सोडतीत २,०३० घरांसाठी लाखावर अर्ज आले. सोडत संगणकावर निघते, “आतली ओळख आहे” म्हणणाऱ्या दलालाला दिलेले पैसे बुडाले समजा. आपल्या हातात उरतं ते नंतरचं काम, म्हणजे नंबर लागल्यावर घर कागदांपायी न जाणं. दैव देतं आणि कर्म नेतं, ते इथे. उत्पन्न नवरा-बायको दोघांचं मिळून धरतात, एकट्याचं धरून खालच्या उत्पन्न गटात अर्ज केला की अपात्र. डोमिसाईल जुनं असेल तर नवं काढून घ्या. आधारला चालू मोबाईल जोडलेला हवा, नाहीतर ओटीपी त्या नंबरवर जातो जो तीन वर्षांपूर्वी बंद झालाय. आधारवर ‘सुनील’ आणि पॅनवर ‘सुनिल’ असेल तर दुरुस्ती आत्ताच करा, जाहिरात आल्यावर तेवढे दिवस हातात नसतात. मंगळवारी सिद्धिविनायकाला जरूर जावं, फक्त अर्जाची शेवटची तारीख त्याच दिवशी नाही ना, ते बघून. नंबर नाही लागला तर अनामत रक्कम परत येते, अर्जाचं शुल्क येत नाही. बँक खातं अर्जदाराच्याच नावाचं द्या, भावाचं किंवा वडिलांचं नको.