आलीझ-सँत-रेन : गावाचे नाव आणि दोऱ्याचा वेढा

पुठ्ठ्याचा सोळावा आणि शेवटचा थर गेल्या रविवारी चिकटला आणि मों ओस्वा हा डोंगर टेबलावर पुरता उभा राहिला. फ्रान्समधील आलीझ-सँत-रेन या कम्यूनचा उठावाचा, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा प्रत्यक्ष दाखवणारा, नकाशा मी पावसाळ्याच्या तोंडावर हाती घेतला होता. त्याचे काम कुठवर आले आहे, वाटेत काय चुकले आणि या लहानशा गावाच्या नावात काय काय दडलेले सापडले, हे उठावाचे नकाशे करणाऱ्या आणि स्थलनामांचा नाद असलेल्या मंडळींसाठी नोंदवून ठेवत आहे. कम्यून म्हणजे फ्रान्समधील स्थानिक कारभाराचे सर्वांत लहान एकक. आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत जे जे येते, त्या सर्वांना तिथे हा एकच शब्द आहे. आलीझची वस्ती हजाराच्याही आत आहे, पण पॅरिससारखेच तेही एक कम्यून आहे.

हे गाव पूर्व फ्रान्समध्ये, बुर्गोन्य प्रांताच्या कोत-दोर विभागात, मों ओस्वाच्या नैर्ऋत्य उतारावर वसलेले आहे. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून ४०७ मीटर आहे, म्हणजे पायथ्याच्या मैदानापासून जेमतेम दीडशे-पावणेदोनशे मीटर. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना ही टेकडीच वाटेल. परंतु तिचा माथा सपाट आहे, सुमारे दोन किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या भोवती चुनखडीचा कडा आहे. वर चुनखडीचा कठीण थर आणि खाली चिकणमातीयुक्त मार्ल अशी या भागातील डोंगरांची घडण आहे. चुनखडीतून झिरपलेले पाणी मार्लपाशी अडते आणि त्या सांध्यावर झरे फुटतात. वर माथ्यावर पूर्वी नगर होते आणि खाली उतारावर आज गाव आहे, ते या झऱ्यांच्या आधारानेच.

नकाशासाठी १:१०,००० हे प्रमाण घेतले, म्हणजे एक सेंटिमीटरला शंभर मीटर. फ्रान्सच्या राष्ट्रीय नकाशा संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा अडीचपट मोठा करून बटर पेपरवर दर दहा मीटरची समोच्च रेषा काढून घेतली आणि प्रत्येक रेषेसाठी दोन मिलिमीटर जाडीचा करडा पुठ्ठा कापला. या हिशेबाने उभी उंची दुप्पट दाखवली जाते. खऱ्या प्रमाणात ठेवली असती तर सगळा डोंगर सोळा मिलिमीटरचा झाला असता आणि बोटांना कडा जाणवलाच नसता. पायाची फळी ८० गुणिले ७० सेंटिमीटरची आहे, कारण केवळ कम्यूनची हद्द घेऊन भागत नाही. समोरच्या डोंगरांशिवाय हे गाव समजतच नाही.

सातव्या थरापर्यंत पाण्यात कालवलेला पांढरा गोंद पूर्ण पृष्ठभागावर फासत होतो. भर पावसाळ्यात तो चार दिवस वाळेना आणि पुठ्ठ्यांच्या कडा ताटासारख्या वर उचलल्या गेल्या. तीन थर सोडवून पुन्हा कापावे लागले. आता गोंद न पातळ करता फक्त ठिपक्यांनी लावतो, वर प्लास्टिकचा कागद टाकून शब्दकोशांचे गठ्ठे रचतो आणि पुढचा थर दोन दिवसांनीच घेतो. ज्यांना दमट हवेत काम करायचे आहे त्यांनी पहिल्या थरापासूनच हा संयम पाळावा.

डोंगराच्या उत्तरेकडून ओझ आणि दक्षिणेकडून ओझरँ या नद्या वाहतात. दोन्ही पश्चिमेला ब्रेन नदीला मिळतात, ब्रेन आर्मांसोंला, आर्मांसों योनला आणि योन सेनला. म्हणजे आलीझच्या झऱ्याचे पाणी अखेर पॅरिसमधून जाते. ओझरँ हे नाव वाचताच मराठी माणसाला ओझर आठवते आणि क्षणभर हात नोंदवहीकडे जातो. हे साम्य केवळ कानाचे आहे. स्थलनामांच्या अभ्यासात अशा साम्यापासून स्वतःला आवरावे लागते, आणि कानाने एका संबंध शतकाला कसे वादात पाडले ते याच गावाच्या इतिहासात पुढे येते.

आता नावाकडे वळतो. आलीझ हे अलेसिया किंवा अलिसिया या गॉलिश, म्हणजे रोमनांपूर्वी इथे राहणाऱ्या गॉल लोकांच्या भाषेतील, नावाचे आजचे रूप आहे. मूळ धातूबद्दल दोन मते आहेत. एका मताने तो पाणथळ जागी वाढणाऱ्या आल्डर झाडाशी जोडला जातो, तर दुसऱ्या मताने त्यात खडकाळ उंचवट्याचा अर्थ आहे. कडा स्वतःच्या हाताने कापल्यावर माझा कल दुसऱ्या मताकडे झुकतो. परंतु मला सर्वांत मोलाची वाटली ती ओस्वा या नावाची गोष्ट. अलेसियाच्या भोवतालच्या प्रदेशाला लॅटिनमध्ये पागुस अलिसिएन्सिस, म्हणजे अलिसियाचा मुलूख, असे म्हणत. बोलण्यात मधला स्वर गळून 'ल' व्यंजनाला टेकला की जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा 'उ' होतो. लॅटिन 'अल्बा'ची फ्रेंच 'ओब' म्हणजे पहाट झाली ती याच नियमाने. तसाच 'अल्स' चा 'ओस' झाला, शेवटच्या 'एन्सिस' चे 'वा' झाले आणि ओस्वा तयार झाले. गावाच्या नावात मात्र 'ल' दोन स्वरांच्या मध्ये सुरक्षित राहिला, म्हणून आलीझ टिकले. नगरावरून मुलखाला नाव मिळाले आणि मुलखावरून पुन्हा नगराच्याच डोंगराला. आलीझ आणि ओस्वा ही दोन नावे एकाच शब्दाची लेकरे आहेत, हे नकाशावर शेजारी शेजारी लिहिताना फार आनंद झाला.

सँत-रेन हा नावाचा उत्तरार्ध ख्रिस्ती परंपरेतून आला. रेन म्हणजे राणी, लॅटिनमध्ये रेगिना. हे इथल्या एका संत कन्येचे नाव. रोमन अधिकारी ओलिब्रियस याच्याशी विवाह करण्यास आणि श्रद्धा सोडण्यास नकार दिल्यामुळे तिसऱ्या शतकात तिचा शिरच्छेद झाला आणि त्या जागी झरा फुटला, अशी आख्यायिका आहे. तिचे अवशेष नवव्या शतकात समोरच्या डोंगरावरील फ्लाविन्यीच्या मठात नेण्यात आले. झऱ्याचे पाणी मात्र आलीझलाच राहिले आणि त्वचेच्या विकारांवर ते गुणकारी मानून यात्रेकरू येत राहिले. त्यांच्यासाठी १६५९ मध्ये रुग्णालय स्थापन झाले. ७ सप्टेंबर हा संतेचा दिवस असून त्या सुमारास तिच्या हौतात्म्याचे नाट्य गावकरी आजही सादर करतात.

या गावाला जगाच्या इतिहासात स्थान मिळाले ते इसवी सनपूर्व ५२ मधील वेढ्यामुळे. व्हर्सिंजेटोरिक्स हा गॉल सेनानी आपल्या फौजेसह अलेसियात शिरला आणि रोमन सेनापती ज्युलियस सीझरने डोंगराला वेढा घातला. हे अलेसिया म्हणजे आलीझच, ही समजूत मध्ययुगापासून होती. १८३९ मध्ये मों ओस्वाच्या माथ्यावर एक दगडी लेख सापडला, लिपी रोमन आणि भाषा गॉलिश. मार्शियालिस नावाच्या माणसाने उकुएतिस या देवाला काही अर्पण केल्याची ती नोंद असून तिच्या अखेरीस 'इन अलिसिइया', म्हणजे अलिसियात, असे शब्द आहेत. इतके असूनही १८५५ मध्ये बझांसों येथील वास्तुविशारद आल्फोंस देलाक्र्वा यांनी खरे अलेसिया म्हणजे दू विभागातील अलेझ हे गाव, असा दावा मांडला. अलेझचे नाव कानाला अलेसियाच्या अधिक जवळ लागते, हा त्यांचा मोठा आधार होता. या वादाने विद्वानांचे तट पडले. अखेर फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने १८६१ ते १८६५ या काळात आलीझभोवती उत्खनन करवले आणि जमिनीखाली सीझरने आपल्या युद्धवृत्तांतात वर्णिलेले खंदक, छावण्या, शस्त्रे आणि नाणी सापडली. पुढे विमानातून काढलेल्या छायाचित्रांत पिकांच्या रंगातील फरकावरून खंदकांच्या रेषा दिसल्या आणि १९९१ ते १९९७ मध्ये फ्रेंच आणि जर्मन पुरातत्त्वज्ञांच्या संयुक्त उत्खननाने त्या पक्क्या केल्या. अन्य गावांचे दावे त्यानंतरही पुढे येत राहिले, तरी माझ्या मते खंदकांनी निकाल दिलेला आहे.

उठावाचा नकाशा करण्यामागे माझा मूळ हेतू हाच होता की सीझरचे वर्णन हातांनी पडताळून पाहावे. तो म्हणतो की आतल्या फेऱ्याची लांबी अकरा रोमन मैल आणि बाहेरून येणाऱ्या कुमकेला अडवण्यासाठी बांधलेल्या दुसऱ्या फेऱ्याची चौदा मैल होती. रोमन मैल सुमारे १,४८० मीटरचा, म्हणून माझ्या प्रमाणात लाल दोरा १६३ सेंटिमीटर आणि निळा दोरा २०७ सेंटिमीटर कापला. उत्खननात सापडलेल्या मार्गावर दर पाच सेंटिमीटरला टाचणी टोचत लाल दोरा डोंगराच्या पायथ्याने, दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांतून आणि पश्चिमेच्या ले लोम मैदानातून फिरवला. गाठ मारताना तो थोडासा उरला. निळा दोरा फ्लाविन्यीच्या आणि ब्युसीच्या डोंगरमाथ्यांवरून नेला, तोही जवळजवळ बरोबर पोहोचला. मग उत्तरेकडील मों रेआ पूर्ण आत घेऊन पाहिला, तर दोरा आखडला आणि टाचण्या उपटू लागल्या. सीझर नेमके हेच लिहितो, की उत्तरेकडील डोंगराचा घेर मोठा असल्यामुळे तो वेढ्यात घेता आला नाही आणि छावणी उतारावर, गैरसोयीच्या जागी करावी लागली. गॉलांच्या कुमकेने शेवटचा मोठा हल्ला त्याच छावणीवर केला. दोऱ्याने काही सिद्ध होत नाही हे मी जाणतो. तरीही ताणलेला दोरा बोटाखाली धरल्यावर त्या वाक्याचा अर्थ जसा कळला, तसा तो वाचून कळला नव्हता.

मैदानातील खंदकांपुढे सीझरने सापळ्यांच्या रांगा केल्या होत्या. तीन फूट खोल खड्डा, त्यात टोक तासून आगीत कडक केलेला खुंटा आणि वर काटक्याकुटक्यांचे झाकण, अशा खड्ड्यांना सैनिक 'लिलिया', म्हणजे लिलीची फुले, म्हणत. खड्ड्याचा आकार त्या फुलासारखा दिसे. मी या रांगा सुईने टोचून दाखवल्या आहेत. दोन फेऱ्यांच्या आत, डोंगराच्या उतारावर, एक पट्टा मात्र रंग न देता कोरा ठेवला आहे. अन्न संपल्यावर लढू न शकणाऱ्या मांदुबी लोकांना, बायकामुलांसह, नगराबाहेर काढण्यात आले. हे नगर त्यांचेच होते. सीझरने त्यांना आत घेतले नाही आणि वेढलेल्यांनी परत घेतले नाही. त्या पट्ट्यावर हिरवा रंग फिरवायला हात धजला नाही.

वेढ्यानंतर माथ्यावर रोमन वळणाचे नगर वाढले. तिथे नाट्यगृह आणि चौक होते, आणि घोड्यांच्या साजावर चांदीचा मुलामा देणारे तेथील कारागीर इतके नावाजलेले होते की रोमन लेखक प्लिनीने त्यांचा उल्लेख केला आहे. मध्ययुगाच्या आरंभी माथा ओस पडला आणि वस्ती उतारावर आली. १८६५ मध्ये पश्चिम टोकावर शिल्पकार एमे मिये यांनी तांब्याच्या पत्र्यातून घडवलेला व्हर्सिंजेटोरिक्सचा ६.६ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला. त्याचे जोते वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक यांचे आहे. मैदानातील गोलाकार संग्रहालय २०१२ मध्ये उघडले.

आता रंगकाम आणि नावांच्या पट्ट्या शिल्लक आहेत. पुतळा प्रमाणात एक मिलिमीटरही भरत नाही, म्हणून त्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा रोवला आहे. गाव मात्र अंगठ्याएवढ्या जागेत येते आणि आलीझ-सँत-रेन ही अक्षरे तिथे मावत नाहीत. तेव्हा पट्टी ओझरँच्या खोऱ्यात ठेवून तिथून गावापर्यंत एक बारीक रेघ ओढायची, असे ठरवले आहे.