बोलिंग ग्रीनला जाताय? मोडक्या गाड्यांपाशी थांबा

लुईव्हिलहून सकाळी साडेसातला निघालो आणि पोचलो तेव्हा कॉर्व्हेट गाड्यांच्या संग्रहालयाचं दार बंदच होतं. लुईव्हिल आणि बोलिंग ग्रीन दोन्ही अमेरिकेच्या केंटकी राज्यातच, पण बोलिंग ग्रीनचं घड्याळ एक तास मागे. तिकडून येणार असाल तर हे धरूनच निघा. नॅशव्हिलहून येणाऱ्यांना हा प्रश्न नाही, वेळ तीच आणि अंतरही जेमतेम 105 किलोमीटर. दोन्हीकडून आय-65 महामार्ग धरायचा आणि एक्झिट 28 ला उतरायचं. संग्रहालयाचा पिवळा शंकू आणि त्याचा लाल सुळका लांबूनच दिसतो.

बरोबर बाबा होते. सांगलीच्या एसटी आगारात 31 वर्षं मेकॅनिक म्हणून काम केलेला माणूस. त्यांना अमेरिकेत काय दाखवावं हा विचार करताना मला नॅशनल कॉर्व्हेट म्युझियम पहिल्यांदा आठवलं.

कॉर्व्हेट ही जनरल मोटर्सची स्पोर्ट्स कार. 1981 पासून ती बोलिंग ग्रीनलाच बनते आणि कारखाना अगदी शेजारी आहे. संग्रहालय मात्र कंपनीचं नाही. कॉर्व्हेटवेड्या लोकांच्या क्लबांनी आणि देणग्यांनी ते उभं केलं, 1994 साली उघडलं आणि आजही त्यांच्याच जिवावर ते चालतं. बाहेरच्या पायवाटेतल्या विटांवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत, ती वाचत वाचतच आत जा. कॉर्व्हेटने येणाऱ्यांसाठी पार्किंगची वेगळी जागा आहे. आपण आपली गाडी दुसरीकडे लावून त्या रांगेतून एक चक्कर मारायची. तिथे उभे असलेले मालक बॉनेट उघडून दाखवतात, आपण विचारायचा अवकाश.

आतला इतिहासाचा भाग चांगला मांडला आहे. 1953 ची पहिली कॉर्व्हेट फायबरग्लासच्या बॉडीची होती. त्या वर्षी फक्त 300 गाड्या निघाल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. या गाडीला खरी ताकद दिली ती इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी. त्यांच्या अस्थी याच इमारतीत ठेवल्या आहेत. बाबा तिथे चपला काढायला वाकले, मग इकडेतिकडे बघून नुसते हात जोडले.

पण वेळ राखून ठेवा तो स्काय डोमसाठी. तोच बाहेरून दिसणारा पिवळा शंकू. 12 फेब्रुवारी 2014 ला पहाटे साडेपाचच्या पुढे या दालनाची जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. संग्रहालय बंद होतं, म्हणून कुणाला इजा झाली नाही. हा सगळा प्रदेश चुनखडीच्या दगडाचा. पाणी दगड विरघळवत जातं, आत पोकळी वाढत राहते आणि एक दिवस छत कोसळतं. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या आपल्याला हे पटायला वेळ लागतो. आपल्याकडे डोंगर पोखरला तो छिन्नी-हातोड्याने.

त्या आठांपैकी दोन गाड्या कंपनीकडून मागून आणलेल्या होत्या, सहा संग्रहालयाच्या स्वतःच्या. त्यातली काळी 1962 ची एका मालकाने आयुष्यभर सांभाळून 2011 मध्ये संग्रहालयाला देऊन टाकलेली. ती नीट व्हायला 2018 उजाडलं, आणि ते काम संग्रहालयातच झालं. निळी 2009 ची झेडआर-1 बाहेर काढल्यावर चक्क सुरू झाली. 1992 ची पांढरी, म्हणजे दहा लाखावी कॉर्व्हेट, जनरल मोटर्सने दुरुस्त केली. खोलताना आतल्या भागांवर कामगारांनी केलेल्या सह्या सापडल्या, त्या जपण्याची धडपडही झाली.

उरलेल्या पाच आहेत तशाच ठेवल्या आहेत. इतक्या मोडल्या होत्या की नीट करायच्या तर जवळजवळ नव्यानेच बांधाव्या लागल्या असत्या. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. 2001 ची मॅलेट हॅमर, म्हणजे मॅलेट कंपनीने ताकद वाढवून दिलेली कॉर्व्हेट, बघा, ती गाडी होती हे सांगावं लागतं. बाबा तिच्यापाशी पाऊण तास होते. फाटलेल्या कडांचे थर निरखत म्हणाले, "पत्रा असता तर ठोकून काढला असता. हे फायबर. पण ठेवली हे बरं केलं. गाडी कशी बांधली होती ते मोडल्यावरच कळतं." शेजारी उभ्या स्वयंसेवक आजोबांना मी ते भाषांतर करून सांगितलं. त्यांनी बाबांना हाताला धरून पलीकडे नेलं आणि जमिनीवर आखलेली खड्ड्याची कड दाखवली. पुढचा अर्धा तास मी फक्त दुभाषी होतो. असे स्वयंसेवक दालनात असतात. त्यांच्याशी बोला, पाटी वाचण्यापेक्षा पुष्कळ जास्त मिळतं.

जाताना दारापाशी थोडं रेंगाळा. इथे बनलेली नवी गाडी डीलरऐवजी संग्रहालयातूनच ताब्यात घेता येते. आम्ही होतो तेव्हा एक आजी-आजोबा लाल गाडी घ्यायला आले होते. गाडी बाहेर पडली तेव्हा अनोळखी लोकही टाळ्या वाजवत होते, बाबा सगळ्यात जोरात.

साडेतीन-चार तास तरी हाताशी ठेवा आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी या. कारखान्याची टूर मधूनमधून बंद असते, तिच्या भरवशावर सुट्टी काढू नका. शाकाहारी असाल तर डबा बरोबर असू द्या. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कामी आली.

दुपारी गुहा पाहायची तर मॅमथ केव्ह अर्ध्या-पाऊण तासावर आहे. तिकीट आधी काढा, स्वेटर घ्या, आत 12-13 अंश असतं आणि बऱ्याच टूरमध्ये पायऱ्या भरपूर. बाबांच्या गुडघ्यांमुळे आम्ही गावातलीच लॉस्ट रिव्हर केव्ह निवडली, तिथे नावेतून आत नेतात. सुरुवातीला छत इतकं खाली येतं की सगळ्यांना वाकावं लागतं. वाकल्या वाकल्याच बाबांनी वर हात लावून दगड चाचपला आणि मला विचारलं, "हाच ना तो?"